डेटा भरपूर आहे, पण त्याचा पूर्वेतिहास कोण सांगणार? – हवामान संशोधनात नव्याने येणाऱ्यांच्या अडचणी

मृगधारा (धागालेखिका)

हवामानशास्त्रात पीएच.डी. करणाऱ्या किंवा नुकतीच पूर्ण केलेल्या विद्यार्थ्यांशी कामाच्या निमित्ताने माझा नेहमी संबंध येतो. त्यांच्या अडचणींचा विषय निघाला की फेलोशिप, कंत्राटी नोकऱ्या आणि महासंगणकावर मिळणारा अपुरा वेळ यांवर बोलले जाते. या अडचणी खऱ्या आहेत आणि प्रतिसादांत त्यांवर चर्चा व्हावी अशीच माझी इच्छा आहे. मला मात्र आधी एका वेगळ्या गोष्टीकडे लक्ष वेधायचे आहे. आपण ज्या डेटावर काम करतो तो कसा मोजला गेला, कुणी कसा जुळवला आणि त्यात कुठे काय दडलेले आहे, हे ज्ञान बहुतांशी तोंडी आहे. ज्याच्या शेजारी जाणकार बसलेला असतो त्याला ते सहज मिळते. ज्याच्या शेजारी कुणी नाही त्याची पीएच.डी.ची सुरुवातीची वर्षे त्यातच जातात, आणि त्या श्रमांची नोंद ना प्रबंधात होते ना मुलाखतीत.

आपल्या सर्वांना माहीत असलेले उदाहरण घेते. २६ जुलै २००५ रोजी मुंबईत जो पाऊस झाला, त्याची सांताक्रूझ येथील नोंद ९४४ मिलिमीटर आहे. भारतीय हवामान विभागाच्या दैनिक नोंदींत हा आकडा २६ जुलैपुढे शोधला तर सापडणार नाही. तो २७ जुलैपुढे आहे. विभागाचा पावसाचा दिवस सकाळी साडेआठला संपतो, आणि त्या वेळेपर्यंतच्या चोवीस तासांचा पाऊस त्या दिवसाच्या तारखेपुढे लिहिला जातो. आता एखादा विद्यार्थी हीच तारीख युरोपीय हवामान अंदाज केंद्राच्या एरा-५ या पुनर्विश्लेषणात (जुनी निरीक्षणे आणि मॉडेल यांची सांगड घालून पुन्हा उभारलेल्या हवामानाच्या नोंदीत) पाहतो. तिथे तास जागतिक प्रमाणवेळेनुसार मोजलेले असतात, पाऊस मीटरमध्ये असतो आणि ००:०० या वेळेपुढचा आकडा आदल्या दिवसाच्या शेवटच्या तासाचा असतो. भारतीय नोंदीशी तुलना करायची तर आदल्या दिवशीच्या पहाटे तीन ते त्या दिवशीच्या पहाटे तीन, अशी जागतिक वेळेतील बेरीज करावी लागते. हे केले नाही तर दोन मालिका जवळजवळ एका दिवसाने सरकतात, त्यांचा सहसंबंध घसरतो, आणि विद्यार्थी प्रामाणिकपणे असा निष्कर्ष काढतो की पुनर्विश्लेषणाला आपला पाऊस कळत नाही. संगणक कुठेही तक्रार करत नाही. आलेखही देखणा येतो.

त्याच दिवशी कुलाब्याला ७३ मिलिमीटर पाऊस होता. या दोन वेधशाळांमधील अंतर पंचवीस किलोमीटरच्या आसपास आहे, म्हणजे अक्षांश-रेखांशांच्या पाव अंशाच्या ग्रिडमधील (चौकटींच्या जाळ्यातील) एका चौकटीएवढे. चौकटीची सरासरी काढल्यावर ९४४ चे काय होते, हे ज्याने एकदा पाहिले तो ‘अतिवृष्टीचा कल’ (वर्षागणिक होणारी वाढ-घट) हे शब्द जपून लिहितो. पण हे दाखवणारे कुणीतरी लागते.

आपापल्या ठिकाणची परिस्थिती सविस्तर लिहावी, ही विनंती.

बालाघाट

मी मराठवाड्यातील एका महाविद्यालयाच्या संशोधन केंद्रात पीएच.डी. करत आहे. माझे मार्गदर्शक भौतिकशास्त्राचे उत्तम शिक्षक आहेत, परंतु हवामानाच्या डेटावर त्यांनी स्वतः काम केलेले नाही, आणि ते ही गोष्ट मोकळेपणाने सांगतात. त्यामुळे आपण म्हणता तो शेजारी बसणारा जाणकार माझ्याकडे नाही.

आमच्याकडची अडचण त्याच्याही आधी सुरू होते. एरा-५ चे संपूर्ण जगाचे ग्रिड पाव अंशाच्या हिशेबाने ७२१ गुणिले १४४० बिंदूंचे, म्हणजे दहा लाखांहून अधिक बिंदूंचे आहे. एकाच पातळीवरचे एकच चल (उदा. तापमान), दर तासाला, एका वर्षासाठी घेतले तर दोन बाइटांत आवळलेली ती फाइल सुमारे १८ जीबी होते. हा डेटा १९४० पासूनचा आहे. शिवाय फाइल उघडल्यावर प्रत्येक आकडा किमान चार बाइटांचा होतो, आणि आठ जीबी स्मृतीचा लॅपटॉप तिथेच थांबतो. मला फार उशिरा समजले की मागणी नोंदवतानाच क्षेत्र कापून घेता येते. ० ते ४० उत्तर अक्षांश आणि ६० ते १०० पूर्व रेखांश एवढाच भाग घेतला तर १६१ गुणिले १६१ बिंदू राहतात, म्हणजे मूळ फाइलचा जवळजवळ बरोबर चाळिसावा हिस्सा. एवढी साधी गोष्ट सांगणारे कुणी असते, तर कितीतरी रात्रींचे डाउनलोड आणि हार्ड डिस्कवरचा खर्च वाचला असता.

फेलोशिपविषयी थोडे लिहितो. १ जानेवारी २०२३ पासून कनिष्ठ संशोधन फेलोशिप महिना ३७,००० रुपये आणि वरिष्ठ ४२,००० रुपये झाली, ही समाधानाची गोष्ट आहे. परंतु ती वेळेवर हातात पडेल याची खात्री नसते, आणि दोन-तीन महिन्यांची रक्कम अडकली की डिस्क, इंटरनेट आणि परिषदेचा प्रवास हेच खर्च आधी कापले जातात. ज्याचे घर त्याच्या फेलोशिपवर चालते, त्याच्या संशोधनाचा वेग त्याच्या बुद्धीवर अवलंबून राहत नाही.

उत्तरवारा

मी जर्मनीत पोस्टडॉक, म्हणजे पीएच.डी.नंतरचा संशोधक, आहे. धागालेखिकेचे म्हणणे मला पूर्णपणे पटते, आणि मॉडेलांच्या डेटाबाबत ते अधिकच खरे आहे, असे मी अनुभवाने सांगू शकतो.

सीमिप-६ या आंतरराष्ट्रीय प्रकल्पात जगभरातील अनेक केंद्रांच्या हवामान मॉडेलांचे निकाल एका सामाईक साच्यात ठेवलेले आहेत. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेचे मॉडेल हे त्यातील पहिले भारतीय मॉडेल आहे. साचा एक असल्यामुळे नव्या माणसाला वाटते की सर्व फाइली सारख्याच वाचाव्यात. प्रत्यक्षात काही मॉडेलांच्या कॅलेंडरात लीप वर्ष नसते, आणि ब्रिटनच्या मॉडेलात प्रत्येक महिना तीस दिवसांचा, म्हणजे वर्ष ३६० दिवसांचे असते. तिथे ३० फेब्रुवारी ही रीतसर तारीख आहे. जून ते सप्टेंबर हा आपला मान्सूनचा हंगाम १२२ दिवसांचा, पण त्या मॉडेलात १२० दिवसांचा. लीप नसलेल्या वर्षाचा १५२ वा दिवस आपल्याकडे १ जून असतो आणि तिथे २ जून. मान्सूनच्या आगमनाच्या तारखेचा अभ्यास दिवसाच्या क्रमांकावर केला, तर हा फरक निष्कर्षात उतरतो.

दुसरी बाब अधिक गंभीर आहे. सीमिप-६ मधील काही मॉडेले कार्बन डायऑक्साइडच्या वाढीला अवाजवी तीव्र प्रतिसाद देतात. त्यामुळे आयपीसीसी या संयुक्त राष्ट्रांच्या हवामानबदल समितीच्या २०२१ च्या अहवालाने भविष्यातील जागतिक तापमानाचा अंदाज देताना सर्व मॉडेलांची सरळ सरासरी घेतली नाही. निरीक्षणे आणि इतर पुरावे वापरून अंदाजाची कक्षा आखली. असे असूनही, जी मॉडेले डाउनलोड झाली त्यांची सरासरी काढून एखाद्या जिल्ह्याचे शतकाच्या अखेरचे तापमान सांगणारे शोधनिबंध आजही लिहिले जातात. त्यात विद्यार्थ्याचा दोष कमी आहे. कोणती मॉडेले का वगळावीत हे त्याला सांगितलेच गेलेले नसते, आणि जी मिळाली तेवढी घ्यावीत हाच शिरस्ता त्याने आधीच्या प्रबंधांत पाहिलेला असतो.

मॉडेल जिथे घडते तिथे हे प्रश्न जेवणाच्या टेबलावर सुटतात. त्याविषयी मला कृतज्ञता आहे, पण ते न्याय्य नाही हेही मला दिसते. आणि परदेशात सर्व सुरळीत आहे, असाही समज कुणी करून घेऊ नये. जर्मनीच्या कायद्यानुसार विद्यापीठात मुदतीच्या करारावर साधारणपणे पीएच.डी.पूर्वी सहा आणि नंतर सहा वर्षेच काम करता येते. ही मुदत संपत आली की ज्याला डेटाची सर्वांत अधिक जाण आहे, तोच माणूस बाहेर पडतो.

रॉकीतील वारकरी

उत्तरवारा यांच्या शेवटच्या वाक्याला अमेरिकेतून दुजोरा देतो. फेब्रुवारी २०२५ मध्ये इथल्या राष्ट्रीय महासागर आणि वातावरण प्रशासनातून, म्हणजे नोआतून, शेकडो परिवीक्षाधीन कर्मचाऱ्यांना एकाच वेळी कमी करण्यात आले. परिवीक्षाधीन म्हणजे बहुतेक नव्याने लागलेले तरुण. त्याच वर्षी मे महिन्यात अब्जावधी डॉलरच्या आपत्तींची १९८० पासूनची नोंद यापुढे अद्ययावत केली जाणार नाही, असेही तिथून जाहीर झाले. भारतातील कितीतरी प्रबंध नोआच्या समुद्रपृष्ठ तापमानाच्या मालिकांवर उभे आहेत. त्या मालिका सांभाळणारी माणसे टिकली नाहीत, तर पुण्यातल्या विद्यार्थ्यालाही त्याची झळ पोहोचते. भारतातून इथे पोस्टडॉकसाठी येऊ इच्छिणाऱ्यांनी निधीची मुदत आणि व्हिसाची स्थिती लेखी विचारून घ्यावी, एवढाच माझा आग्रह आहे.

जुना निरीक्षक

मी अनेक वर्षे वेधशाळांत निरीक्षक म्हणून काम करून निवृत्त झालो. संशोधनाशी माझा थेट संबंध नाही, परंतु आपण सर्व ज्या आकड्यांवर बोलत आहात ते आकडे आमच्यासारख्यांनी वहीत उतरवलेले आहेत, म्हणून लिहितो.

पर्जन्यमापक हे साधे उपकरण आहे, पण त्याची जागा फार महत्त्वाची असते. बाजूला झाड वाढले, भिंत उभी राहिली किंवा कार्यालय नव्या इमारतीत गेले आणि मापक गच्चीवर ठेवला गेला, की आकडा बदलतो. पाऊस बदललेला नसतो. जागा हलवली तर ती नोंद बहुधा शेऱ्याच्या रकान्यात केली जाते. तहसील पातळीवरच्या काही ठिकाणी सुटीच्या दिवशी नोंद घेतली जात नसे आणि दुसऱ्या दिवशी दोन दिवसांचे पाणी एकत्र मोजले जाई. मग आदल्या दिवशी शून्य दिसते आणि दुसऱ्या दिवशी अतिवृष्टी. न मोजलेला दिवस आणि पाऊस न झालेला दिवस यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे, पण वहीवरून संगणकात आकडे चढवताना शेऱ्याचा रकाना मागेच राहतो.

शेतजमिनीच्या सातबाऱ्यामागे फेरफाराची वही असते, आणि जमीन कुणाकडून कुणाकडे गेली हे त्यावरून समजते. प्रत्येक पर्जन्यमापकामागे तशी फेरफाराची नोंद असली पाहिजे, आणि ती आकड्यांसोबत तरुण संशोधकाच्या हातात पडली पाहिजे. हवामान विभागाचे मुख्यालय १९२८ साली पुण्यात आले. आज ते दिल्लीत असले तरी राष्ट्रीय डेटा केंद्र पुण्यातच आहे. जुन्या वह्या वाचू शकणारी आमची पिढी अजून हयात आहे. आम्हाला कुणी विचारले तर आम्ही आनंदाने सांगू.

सहसंबंध

निरीक्षककाकांच्या प्रतिसादाबद्दल मनापासून आभार. मी संख्याशास्त्र शिकवतो, म्हणून त्यांच्या मुद्द्याची पुढची कडी मांडतो.

हवामान विभागाच्या १९०१ पासूनच्या पाव अंशाच्या दैनिक पर्जन्य ग्रिडसाठी एकूण ६,९५५ पर्जन्यमापकांच्या नोंदी वापरल्या गेल्या, परंतु ते सर्व एकाच वेळी कधीच चालू नव्हते. काही सुरू झाले, काही बंद पडले. ग्रिड मात्र सलग दिसते, कारण रिकाम्या जागा शेजारच्या मापकांवरून भरलेल्या असतात. जिथे आधी एकाच मापकावरून चौकट भरली जात होती आणि नंतर चार मापक आले, तिथे टोकाचे आकडे आपोआप मवाळ होतात. मापक बंद पडले तर उलट परिणाम होऊ शकतो. मध्य भारतातील अतिवृष्टीच्या वाढीवर २००६ पासून महत्त्वाचे काम झाले आहे, आणि मापक एकेक बंद पडत गेल्यामुळे त्या कलात किती पूर्वग्रह शिरतो, असा प्रश्न २०१९ मधील एका शोधनिबंधाने विचारला. हा वाद विद्यार्थ्याने पीएच.डी.च्या पहिल्याच वर्षी वाचायला हवा.

दुसरा मुद्दा नकाशांवर ‘लक्षणीय’ कल दाखवणाऱ्या ठिपक्यांचा. भारताच्या भूभागावर अशा जवळपास पाच हजार चौकटी आहेत. प्रत्येक चौकटीत कलाची कसोटी पाच टक्के पातळीवर घेतली, तर कोठेही कल नसतानाही सुमारे अडीचशे चौकटी निव्वळ योगायोगाने ‘लक्षणीय’ ठरतील. शेजारच्या चौकटींतला पाऊस एकमेकांशी बांधलेला असल्यामुळे त्या अडीचशे विखुरलेल्या दिसणार नाहीत. त्या पुंजक्याने येतील आणि एखाद्या खऱ्या प्रादेशिक बदलासारख्या दिसतील. एकाच वेळी अनेक कसोट्या घेतल्यावर करावयाची दुरुस्ती अवघड नाही, पण पदव्युत्तर अभ्यासक्रमात ती क्वचितच शिकवली जाते. आमच्या विद्यार्थ्यांना संख्याशास्त्राचा एक पेपर असतो, आणि त्यात स्वतंत्र निरीक्षणे गृहीत धरलेली असतात. हवामानात स्वतंत्र निरीक्षण ही दुर्मीळ वस्तू आहे.

विदाशिल्पी

मी पुण्यात सॉफ्टवेअर क्षेत्रात आहे आणि यंत्रशिक्षणावर (मशीन लर्निंगवर) काम करतो. वरील सर्व चर्चा आदराने वाचली, तरी एक शंका मांडतो. पांगू-वेदर आणि ग्राफकास्ट ही यंत्रशिक्षणाने हवामानाचा अंदाज देणारी मॉडेले २०२३ मध्ये आली, आणि युरोपीय केंद्राने तर आपले यंत्रशिक्षणावर आधारित मॉडेल फेब्रुवारी २०२५ मध्ये दैनंदिन वापरात आणले. जे अंदाज काढायला पूर्वी महासंगणक लागत असे, ते आता एका चांगल्या प्रोसेसरवर काही मिनिटांत निघतात. मग बालाघाट यांच्यासारख्या विद्यार्थ्यांनी या दिशेने जावे, जुन्या वह्या आणि कॅलेंडरांत अडकू नये, असे मला वाटते. नोकऱ्याही तिथे आहेत.

मृगधारा (धागालेखिका)

विदाशिल्पी, आपली सूचना सद्भावनेची आहे आणि तिचा अर्धा भाग मला मान्य आहे. महासंगणक हाताशी नसलेल्या विद्यार्थ्यांसाठी हे दार खरोखरच उघडले आहे, आणि ते शिकू नका असे मी कुणालाही सांगणार नाही.

परंतु आपण नाव घेतलेली ही सर्व मॉडेले शिकली कशावर? मुख्यतः एरा-५ वर. त्या पुनर्विश्लेषणाची चौकट सुमारे ३१ किलोमीटरची आहे. महाबळेश्वरला वर्षाला साडेपाच हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो, आणि घाट उतरून वाईला आले की त्याचा अगदी लहान हिस्सा उरतो. हे दोन्ही गाव त्या चौकटीच्या हिशेबात शेजारी-शेजारी आहेत. सह्याद्रीचा कडा ज्या डेटात गुळगुळीत झालेला आहे, त्यावर शिकलेले मॉडेलही तो कडा मनाने उभा करणार नाही. त्याची चूक कुठे होते हे तपासायला पुन्हा जमिनीवरचे मापक, त्यांची साडेआठची वेळ आणि निरीक्षककाकांचा शेऱ्याचा रकाना हेच लागणार आहेत. या नव्या पद्धतींमुळे त्या ज्ञानाची गरज वाढली आहे, कारण आता चूक काही मिनिटांत आणि मोठ्या प्रमाणावर करता येते.

माझी खरी चिंता मुलाखतीच्या खोलीतली आहे. एखाद्या मुलीने मापकांच्या जागाबदलाच्या नोंदी शोधून एका जिल्ह्याची पावसाची मालिका स्वच्छ केली, आणि दुसऱ्याने तयार मालिकेवर तयार प्रणाली चालवून तीन शोधनिबंध लिहिले, तर निवड समितीपुढे पहिलीजवळ दाखवायला काय असते? डेटाचेच वर्णन प्रसिद्ध करणारी नियतकालिके आता आहेत, पण आपल्या समित्या त्यांना पूर्ण शोधनिबंधाचा मान देतात का, हा प्रश्न शिल्लक राहतो.

पश्चिमघाट

मी एका विद्यापीठात शिकवते आणि निवड समित्यांवर बसले आहे, म्हणून मृगधारा यांच्या शेवटच्या प्रश्नाचे उत्तर देण्याचे दायित्व माझ्यावर येते. बहुतेक वेळा तो मान दिला जात नाही. निबंधांची संख्या आणि नियतकालिकाचा प्रभावांक (इम्पॅक्ट फॅक्टर) हे दोन रकाने छापील असतात. डेटासाठी रकानाच नसतो. मी सदस्य असताना असे काम तोंडी मांडते, आणि दोनदा त्याचा उपयोगही झाला, पण ते सदस्याच्या मर्जीवर असू नये. प्रबंधात डेटाच्या तपासणीचे स्वतंत्र प्रकरण सक्तीचे करणे हा माझ्या मते सर्वांत व्यवहार्य उपाय आहे, कारण त्यासाठी वेगळा निधी लागत नाही, केवळ विद्यापीठाच्या अभ्यासमंडळाचा निर्णय लागतो. आमच्या मंडळापुढे मी हा प्रस्ताव ठेवला आहे.

प्रकाशनाच्या खर्चाबद्दलही लिहायला हवे. ‘एक राष्ट्र एक सदस्यत्व’ योजनेमुळे १ जानेवारी २०२५ पासून जिल्ह्याच्या शासकीय महाविद्यालयातही हजारो नियतकालिके वाचता येऊ लागली. वाचण्याचा प्रश्न बराच सुटला. छापण्याचा सुटलेला नाही. मुक्त प्रवेशासाठी, म्हणजे निबंध सर्वांना मोफत वाचता यावा यासाठी, लेखकाकडून मागितली जाणारी रक्कम अनेकदा विद्यार्थ्याच्या कित्येक महिन्यांच्या फेलोशिपएवढी असते. तरुणांनी हवामान विभागाच्या ‘मौसम’ या नियतकालिकाकडे कमीपणाने पाहू नये. १९५० पासून ते चालू आहे, आणि भारतीय निरीक्षणांची बारकाईने जाण असलेले परीक्षक तिथे भेटण्याची शक्यता अधिक आहे.

बालाघाट

सर्वांचे आभार. चर्चेतून जे समजले ते पुढच्या विद्यार्थ्याला उपयोगी पडावे म्हणून नोंदीच्या रूपात इथे लिहायला सुरुवात करतो. जाणकारांनी दुरुस्त करावे.

हवामान विभागाचे पाव अंशाचे पर्जन्य ग्रिड: अक्षांश ६.५ ते ३८.५, रेखांश ६६.५ ते १००. १३५ गुणिले १२९ बिंदू. दिवस सकाळी साडेआठला संपतो. जिथे आकडा नाही तिथे उणे ९९९ असते. ते वगळले नाही तर हंगामाची बेरीज ऋण येते, आणि सरासरीत मिसळले तर चूक दिसतही नाही. तापमानाचे ग्रिड एक अंशाचे आहे आणि तिथे रिकाम्या जागेसाठी ९९.९ हा आकडा आहे, जो घाईत अंश फॅरनहाइटमधील खरे तापमान समजला जाऊ शकतो. मॉडेलांमधला पाऊस चौरस मीटरला सेकंदामागे किलोग्रॅममध्ये असतो. ८६,४०० ने गुणले की दिवसाचे मिलिमीटर मिळतात.

आता माझी एक गरज. राज्यातील महावेध प्रकल्पाची स्वयंचलित केंद्रे महसूल मंडळांच्या पातळीवर आहेत, आणि चोवीस तासांत ६५ मिलिमीटरहून अधिक पाऊस झाला की त्या नोंदीवरून मंडळात अतिवृष्टी धरली जाते. शेतकऱ्याच्या भरपाईचा प्रश्न ज्या आकड्याशी जोडलेला आहे, त्याच आकड्यांवर मला मराठवाड्यातील सोयाबीनच्या काढणीच्या काळातील पावसाचा अभ्यास करायचा आहे. यातील कोणत्या केंद्रांच्या जागा स्थापनेनंतर बदलल्या आणि कधी बदलल्या, याची नोंद कुणाच्या पाहण्यात असल्यास कृपया इथे लिहावे. निरीक्षककाका, बीड आणि धाराशिव जिल्ह्यांतल्या जुन्या तहसील मापकांविषयी आपल्याला विचारले तर चालेल का?

जुना निरीक्षक

अवश्य विचारा. धाराशिवकडील काही ठिकाणे मी स्वतः तपासणीसाठी पाहिलेली आहेत. आपल्याला ज्या तालुक्यांची माहिती हवी आहे त्यांची नावे आणि वर्षे इथेच लिहा, म्हणजे माझ्यासोबत काम केलेल्या आणखी दोघांनाही मी धागा वाचायला सांगतो. मापक कोणत्या आवारात होता आणि केव्हा हलवला, एवढे तरी आम्ही तिघे मिळून नक्की सांगू शकू.